गोफणीच्या टप्प्यातला ड्रोन

भाऊ, ड्रोन घेतलास, छान केलंस. पण पहिलं उड्डाण नाशिकजवळच्या मखमलाबादच्या द्राक्षबागांवर नको. मणी भरायला लागले की माणसं पाखरं हाकायला गोफण घेऊनच उभी असतात. त्यात मध्यंतरी रात्री चोर ड्रोनने टेहळणी करतात अशी अफवा उठलेली, त्यामुळे घरघर ऐकली की हात आधी दगडाकडे जातो.

माझाही एक ड्रोन असाच दगड लागून पडला. धावत जाऊन उचलणार, तोच बॅटरी फुगलेली दिसली, गोडसर वास आला, मग धूर. तेव्हा सांगतो, लिथियमची बॅटरी चेपली असेल तर ड्रोन गाडीत टाकून घरी आणू नकोस. उघड्यावर, गवतापासून लांब ठेव, जवळ वाळू असू दे.

ड्रोनवर कुणी छर्ऱ्याची बंदूक चालवली तर आणखी वाईट. नेम चुकला की छर्रा पलीकडच्या शेतात कुणाच्या तरी डोळ्यात. मारणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली नुकसानीचा आणि 125 खाली जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा लागू शकतो. फक्त तुझी बाजूही स्वच्छ हवी. ड्रोन 250 ग्रॅमच्या वर असेल तर नोंदणी क्रमांक हवाच. देवळालीची लष्करी हद्द आणि ओझर विमानतळाचा परिसर डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आधी बघ.

कुणी अंगावर आलंच तर हुज्जत घालू नकोस. ड्रोन खाली घे, फोटो काढ, मग पोलीस ठाणं. आणि पुढच्या वेळी बागवाल्याला आधी विचार. माझा ड्रोन पाडणाऱ्या त्या बागवाल्याने नंतर स्वतःच बागेचा व्हिडिओ मागितला!