पुरातली गाडी आणि छतातला पडदा

जुन्या गाड्यांच्या खरेदीचा हंगाम आला, की एअरबॅगविषयीचा तोच गोंधळ नव्याने विचारला जातो. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : कर्टन एअरबॅग आणि साइड एअरबॅग एकच का? (कागल)

उत्तर : नाही. साइड एअरबॅग सहसा पुढच्या आसनाच्या पाठीच्या बाहेरील कडेतून फुगते आणि छाती व बरगड्या सांभाळते. कर्टन एअरबॅग दारांच्या वर, छताच्या कडेला घडी घालून ठेवलेली असते आणि खिडक्यांवर पडद्यासारखी उतरून डोके सांभाळते. समोरून धडक बसली तर मध्ये बॉनेट तरी असते. बाजूने बसली तर डोके आणि काच यांत जेमतेम वीतभर अंतर उरते, म्हणून हे सारे सेकंदाच्या काही शतांश भागात उरकावे लागते.

प्रश्न : खिडकीवरच्या हुकाला हँगरसह कोट अडकवावा का? (गारगोटी)

उत्तर : नाही. पडदा सुटला की हँगर भिरकावला जातो.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, कोणतेही सीट कव्हर चालते, एअरबॅग ते फाडून बाहेर येते. (राजारामपुरी)

उत्तर : कव्हर विकणाऱ्याने हा सल्ला द्यावा आणि आपण तो मानावा, याचे नवल वाटते. छतातल्या पडद्याला कव्हरचा अडथळा नाही, पण आसनातल्या एअरबॅगला चुकीच्या कव्हरचा निश्चित होतो. आपल्या मॉडेलला कोणते कव्हर चालते, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रश्न : 2021 च्या पुरात सापडलेली, सहा एअरबॅगची गाडी स्वस्तात मिळते आहे. एअरबॅग छतात असल्याने तेथे पाणी पोचलेच नाही, असे विक्रेता सांगतो. घ्यावी का? (शिरोळ)

उत्तर : पडदा कोरडा असेलही, पण त्याला उघडण्याचा हुकूम देणारे कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअरच्या आसपास, थेट फरशीवर बसवलेले असते, आणि बाजूची धडक ओळखणारे सेन्सर दारांत किंवा मधल्या खांबाच्या बुडाशी असतात, म्हणजे पंचगंगेचे पाणी गाडीत शिरले की सर्वांत आधी गाठते ते नेमके यांनाच. माझ्याकडे आलेल्या अशाच एका गाडीचे कार्पेट उचलले, तर युनिटखाली गाळाची वाळलेली खपली आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर निघाला. गाडी वरून मात्र अत्तर मारून चकाचक केली होती. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या बिघाडाचा दिवा नाही, यावरही विसंबू नका. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर कोणीतरी तो काढला असण्याची शक्यता आहे. काही महाभाग तर उघडलेल्या एअरबॅगच्या जागी चार पैशांचा रेझिस्टर जोडतात, त्यामुळे युनिटला एअरबॅग जागेवर असल्याचे भासते आणि दिवाही शहाण्यासारखा विझतो. तेव्हा विसार देण्यापूर्वी विम्याच्या दाव्यांची नोंद मागा, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून घ्या आणि कार्पेट उचलून पाहण्याचा आग्रह धरा. विक्रेता कां-कूं करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवा. एअरबॅगच्या तारांचे पिवळे कनेक्टर स्वतः ओढून पाहू नका.

प्रश्न : एअरबॅगचा दिवा आठ महिने लागलेला आहे, पण गाडी उत्तम चालते. दिवाळीनंतर दाखवली तर चालेल का? (इचलकरंजी)

उत्तर : याच आठवड्यात दाखवा. तोवर एअरबॅग नाहीच असे समजून चालवा, आणि मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला सांगा.