‘डझन’ म्हणजे नेमके किती, आणि हा शब्द आला कुठून?

डझन म्हणजे बारा नग. अर्धा डझन म्हणजे सहा आणि बारा डझनांचा, म्हणजे १४४ नगांचा, एक ग्रोस.

इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला. फ्रेंचमध्ये ‘दूझ’ म्हणजे बारा, त्याला समूहवाचक प्रत्यय लागून ‘दूझेन’, म्हणजे बारांचा गट, असा शब्द झाला. हे ‘दूझ’ लॅटिनमधील ‘दुओदेकिम’पासून आले असून त्यात ‘दुओ’ म्हणजे दोन आणि ‘देकेम’ म्हणजे दहा हे दोन शब्द सरळ दिसतात. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: संस्कृतातील ‘द्वादश’ याच रीतीने, याच मूळ शब्दांपासून बनला आहे, आणि त्याचेच रूप झिजत ‘बारस’ (वसुबारस आठवावी) आणि ‘बारा’ झाले. त्यामुळे केळीवाल्याकडे आपण ‘एक डझन’ म्हणतो आणि तो बारा केळी मोजून देतो, तेव्हा एकाच घराण्यातले, फार पूर्वी दुरावलेले दोन शब्द एकत्र येतात.

बाराला दोन, तीन, चार आणि सहा यांनी पूर्ण भाग जातो, म्हणून वाटणीच्या व्यवहारात हा गट सोयीचा ठरला. मात्र ‘डझनभर माणसे’ म्हणताना मोजमाप काटेकोर नसते. तिथे अर्थ ‘बरीच’ एवढाच घ्यावा.