खान्देशात राहून दुर्मीळ माशांचा अभ्यास आणि संवर्धन करता येईल का?

प्राणिशास्त्राची पदवी घेऊन शिरपूर तालुक्यात घरची शेती पाहत असताना दुर्मीळ माशांवर काही काम करता येईल का, की त्यासाठी समुद्रकाठी जावे लागेल, असे तुम्ही विचारले आहे. आणि त्याला जोडून, अनेर नदीत महाशीर या मोठ्या नदीमाशाचे बीज (लहान पिल्ले) आणून सोडले तर उपयोग होईल का, असाही तुमचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. दुसऱ्याचे, निदान आज तरी, नकारार्थी आहे. दोन्ही उत्तरांमागचे कारण एकच: आपल्या नद्यांत मुळात कोणते मासे होते आणि त्यांपैकी कोणते कुठे उरले आहेत, याच्या नोंदी अत्यंत तुटपुंज्या आहेत. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि तापीतील माशांच्या नोंदी ठेवतो, त्यामुळे हे थोडे विस्ताराने लिहितो.

महाशीर हा एकच मासा नाही, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. सातपुड्याच्या उत्तरेला नर्मदेत जो महाशीर प्रसिद्ध आहे तो टोर टोर. मध्य प्रदेशाने त्यालाच राज्यमाशाचा मान दिला आहे. दख्खनच्या नद्यांतील महाशीर म्हणजे टोर खुद्री, ज्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केले. आपली तापी या दोन प्रदेशांच्या मधून वाहते. सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेरसारख्या उपनदीत महाशीर मिळाला, तर तो या दोहोंपैकी कोणता, हे तो मासा हातात घेऊन, खवले मोजून, आणि शक्य असेल तर त्याच्या पराचा, म्हणजे पोहण्याच्या पंखाचा, बारीक तुकडा अल्कोहोलमध्ये जपून त्याची जनुकीय तपासणी केल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू नये. असे असताना बाहेरून आणलेले बीज सोडणे म्हणजे जे राखायचे आहे ते ओळखण्याआधीच त्यात भेसळ करणे होय.

ही भीती काल्पनिक नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून टोर खुद्रीचे प्रजनन यशस्वीपणे होत आले आहे, आणि ते काम खरोखर मोलाचे आहे. परंतु तेथील बीज देशातील अनेक जलाशयांत सोडले गेले, त्यात कावेरीचे खोरेही आले. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला अवाढव्य महाशीर होता. गळाने मासेमारी करणाऱ्यांमध्ये तो जगभर ठाऊक होता, पण त्याची शास्त्रीय ओळख टोर रेमादेवी म्हणून पक्की झाली ती थेट २०१८ मध्ये. तोवर सोडलेला टोर खुद्री नदीत मातब्बर होऊन बसला होता आणि मूळचा मासा 'अतिसंकटग्रस्त' यादीत जाण्याच्या अवस्थेला पोहोचला होता. ज्यांनी बीज सोडले त्यांचा हेतू महाशीर वाचवण्याचाच होता, हे मला यातील सर्वांत क्लेशदायक वाटते.

आपल्या धरणांतही हेच वेगळ्या रीतीने चालू आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातील मासे. आज खान्देशातील जलाशयांत त्यांचेच बीज प्रामुख्याने सोडले जाते. १९५२ मध्ये भारतात आणलेला चिलापी (तिलापिया) तर कुणी न सोडताही सर्वत्र पसरतो. आफ्रिकन मागूर पाळण्यास बंदी आहे, तरीही त्याची तळी अधूनमधून उघडकीस येतात, आणि पुरात असे एखादे तळे फुटले की तो मासा नदीत जातो. कटला-रोहूवर अनेक भोई आणि कोळी कुटुंबांचे पोट आहे, त्यामुळे ते बंद करा असे मी म्हणणार नाही. मात्र जलाशयात उत्पन्नासाठी सोडलेले बीज आणि डोंगरातल्या ओढ्यातील मूळ मासा, या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये.

आता कामाची सुरुवात. तापी-पूर्णेच्या संगमाखालील हतनूरच्या जलाशयावर पहाटे मासळी काठाला लागते तेव्हा मी जातो. वाम, मरळ, शिंगाळा हे लगेच वेगळे काढले जातात, कारण त्यांना भाव असतो. बोटभर लांबीचे मासे एका बाजूला ढिगात पडतात. त्यांना वेगवेगळी नावे द्यायला कुणाला वेळ नसतो, आणि अभ्यासकाने बसायचे ते नेमके त्या ढिगाजवळ. त्यातल्या दोन खवल्या (खवली हा एक लहान मासा) प्रथमदर्शनी अगदी सारख्या दिसतात, दोन्ही चंदेरी, दोन्हींच्या अंगावर काळे ठिपके. नीट पाहिले तर एकीचा एक ठिपका कल्ल्याच्या थोडा मागे आणि दुसरा शेपटीच्या अलीकडे, गुदपराच्या वरच्या बाजूला असतो, ती टिक्टो. दुसरीचा एक ठिपका पाठीवरच्या पराच्या बुडाशी आणि दुसरा नेमका शेपटीच्या मुळाशी असतो, ती सोफोर. दोन्ही सर्वत्र आढळणाऱ्या जाती आहेत, दुर्मीळ मुळीच नाहीत. पण या दोघींतला फरक नजरेत बसल्याशिवाय तिसरी, खरोखर वेगळी असलेली खवली ढिगातून डोळ्यांसमोर आली तरी ओळखू येत नाही.

प्रत्येक माशाचा फोटो ताजा असतानाच, डोके डावीकडे ठेवून, पर उलगडून, खाली मोजपट्टी ठेवून काढा. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत मोजा, कारण शेपटी बहुधा फाटलेली असते. अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवरील खवले आणि पाठीवरील पराचे काटे मोजून लिहा. तारीख, जागा, पाण्याची स्थिती, जाळ्याचा प्रकार आणि मासा पकडणाऱ्याने सांगितलेले नाव हेही टिपा. ओळख पटत नसेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र पुण्यात आहे, आणि जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभाग तर जवळच आहेत. एक खबरदारी अवश्य घ्या: अनेर धरणाचा परिसर अभयारण्य आहे, त्यामुळे तेथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही मासा पकडू नका.

समुद्र दूर आहे म्हणून तुम्ही खंत व्यक्त केली आहे, पण नदीचा अभ्यासक समुद्राच्या माशांपासून तुटलेला नसतो. पालवा, ज्याला बंगालमध्ये इलिश म्हणतात, समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी नद्यांत वर चढतो. खंबातच्या आखाताला मिळणारी नर्मदा ही त्याची मोठी वाट होती. तापी त्याच आखातात उतरते आणि तिच्यावर सुरतेच्या वरच्या अंगाला १९५४ मध्ये काकरापारचा बंधारा, तर १९७२ मध्ये उकाईचे धरण झाले. त्यानंतर समुद्रातून येणाऱ्या कोणत्याही माशाला प्रकाशा-सारंगखेड्यापर्यंत पोहोचण्यास वाट उरलेली नाही. तुमच्या भागातील ऐंशी वर्षांच्या पुढच्या भोई-कोळी मंडळींना त्यांच्या तरुणपणी पुराबरोबर कोणते मासे येत आणि कोणते येईनासे झाले हे विचारा, आणि उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवा. आणखी दहा वर्षांनी हे विचारायला कुणी असणार नाही.

संवर्धनाचे म्हणाल, तर खान्देशात माशांचे खरे संकट चैत्र-वैशाखात येते. नदी आटते आणि कोसभर प्रवाहातील सगळे मासे एखाद्या डोहात गोळा होतात. त्या डोहात कुणी जिलेटीनचा बार उडवला किंवा ब्लीचिंग पावडर टाकली, की एका दुपारीत पुढच्या कित्येक वर्षांची वीण संपते. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. अंमलबजावणी मात्र गावाने मनावर घेतले तरच होते. दुसरे संकट वाळूउपशाचे. महाशीर अंडी घालतो ती पावसाळ्यात, उथळ, वाहत्या पाण्यातील खडी-गोट्यांवर, आणि त्याची अंडी तळाच्या फटींत राहून उबतात. तळच यंत्राने खरवडून नेल्यावर वरून कितीही बीज ओतले तरी ते पुढे कुठे विणणार? तिसरे म्हणजे पहिल्या पुरात ओढ्याच्या तोंडाशी जाळी लावून पकडले जाणारे चढणीचे मासे, ज्यांच्या पोटात अंडी असतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तोच विचार गावाने आपल्या ओढ्यापुरता करायला हरकत नाही.

म्हणून बीजावर खर्च करण्याऐवजी एक डोह निवडा, असे मी सुचवतो. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीच्या श्रद्धेने महाशीर पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला आहे. खान्देशात जिथे अशी श्रद्धा असेल तिथे तिचा आधार घ्यावा, नसेल तिथे ग्रामसभेचा ठराव घ्यावा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. तुमच्या गावची नोंदवही मागून घ्या आणि माशांचे पान उघडा. बहुतेक ठिकाणी तिथे चार-सहा बाजारी नावांपलीकडे काही नसते. फोटो, जागा आणि तारखांसह तुम्ही केलेली यादी समितीकडून त्यात रीतसर समाविष्ट करून घ्या. उद्या त्या पात्रातील वाळूचा लिलाव निघाला, तर हरकत घेताना तोच कागद तुमच्या हाती असेल. मासे पकडणाऱ्या घरांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. डोह बंद ठेवल्याने त्यांचे उन्हाळ्यातील उत्पन्न बुडते, तेव्हा किती भाग बंद आणि किती खुला हे त्यांच्याशी बसूनच ठरवावे लागेल. अनेरमध्ये किंवा तिला मिळणाऱ्या एखाद्या ओढ्यात महाशीराची पिल्ले दिसली, तर या उत्तराखाली फोटो जरूर टाका, फक्त नेमकी जागा उघडपणे लिहू नका.