अधिक मासात जावयाला चांदीचे वाण द्यावेच लागते का?

तुम्ही विचारले आहे की, मुलीचे लग्न मागच्या मार्गशीर्षात झाले, यंदा १७ मे ते १५ जून २०२६ या काळात अधिक ज्येष्ठ येत आहे, आणि व्याह्यांकडून ‘पहिलाच अधिक आहे, चांदीचे ताट तरी असतेच’ असा निरोप आला आहे. तर असे वाण देणे शास्त्रात सांगितले आहे का, आणि या महिन्यात उपवास व तीर्थयात्रा कशी करावी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. या एका शब्दाची किंमत माझ्या माहेराने मोजली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी शास्त्राचे. काशीनाथ उपाध्यायांनी पंढरपुरात १७९० साली पूर्ण केलेल्या धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा आधार आपल्याकडचे भटजी आजही घेतात. त्यात अधिक मासातल्या दानाचा विधी आहे. तेहेतीस अपूप, म्हणजे तुपात तळलेले गोड वडे, काशाच्या पात्रात घालून ब्राह्मणाला द्यावेत, असा तो विधी आहे. अपुपाच्या जागी आपल्याकडे अनारसा आला आणि ब्राह्मणाच्या जागी जावई आला. मुलगी आणि जावई म्हणजे लक्ष्मीनारायण, ही भावना लोकाचाराची आहे आणि ती सुंदर आहे; माझा तिला काडीचाही विरोध नाही. परंतु काशाच्या जागी चांदी कोणी आणली, हे पाहायचे असेल तर पोथी उघडण्याची गरज नाही, अधिक लागण्यापूर्वीच्या आठवड्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफांच्या दुकानांवरचे फलक वाचावेत.

माझे लग्न २००६ च्या डिसेंबरात झाले आणि पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, असाच अधिक ज्येष्ठ आला. (एकोणीस वर्षांनी बहुधा तोच महिना पुन्हा अधिक होतो, त्यामुळे तुमच्या मुलीचा पहिला अधिक आणि माझा पहिला अधिक एकच आहेत. तुमचा प्रश्न वाचून मला राहवले नाही, त्याचे हेही एक कारण आहे.) माझे वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्तिवेतन नव्हते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आई माझ्या सासरी आली, तेव्हा सासूबाईंनी देवघरातून एक चांदीचे ताट आणून तिच्या हातात दिले आणि म्हणाल्या, “थोरलीच्या माहेरून २००४ च्या अधिक श्रावणात आलेले. केवढे जड आहे, बघा तरी.” त्याउपर एक शब्दही कोणी बोलले नाही. मागणी झाली नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळा वाद याच वाक्यावर येऊन थांबत राहिला.

आईने अनारसे घरीच केले. तिचे माहेर माजलगाव तालुक्यातले, तिकडे या महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि पुरणाचे धोंडे करतात. पण सासर पुण्याचे म्हणून तिने अनारशांचा हट्ट धरला. जुना तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवला, चौथ्या दिवशी उपसून सावलीत पंचावर पसरला, दमट असतानाच कुटला, चाळला, गुळात मळून गोळा आठवडाभर मुरवला. तळायच्या दिवशी मी मदतीला गेले होते. ती खसखशीवर अनारसे थापत होती आणि मी झाऱ्याने वरून तूप उडवत होते. एकही अनारसा हसला नाही, म्हणजे तुपात फुटून पसरला नाही; सगळ्यांना जाळी सुरेख पडली. तिच्या हातांत फक्त काचेच्या बांगड्या होत्या. पाटल्या कुठे आहेत, असे मी विचारले, तेव्हा “पिठात भरतात म्हणून काढून ठेवल्या” असे ती म्हणाली, आणि मला ते पटले. त्या रविवारी अर्धा किलो चांदीच्या ताटात तेहेतीस अनारसे, वर तुपाचा दिवा, असे वाण आमच्या घरी आले. थोरल्या जाऊबाईंच्या ताटाशेजारी ते ठेवून पाहिले गेले. मला तेव्हा अभिमान वाटला होता, हेही लपवत नाही.

वडील २०११ च्या हिवाळ्यात गेले. त्यांची कागदपत्रे लावताना विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये सराफाची पावती सापडली. सोन्याची मोड, पाटल्या, नग दोन, आणि तारीख वाणाच्या आठवड्यातली. पाच वर्षे मी दर सणाला माहेरी जात होते, आईचे हात पाहत होते आणि ती दरवेळी काही ना काही कारण सांगत होती.

२०१२ च्या अधिक भाद्रपदात मी ते ताट कपाटातून काढले आणि घरात सर्वांसमोर म्हणाले की, हे मोडून आईच्या पाटल्या करायच्या आहेत. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही कुठे मागितले होते?” थोरल्या जाऊबाई म्हणाल्या की, जावई विष्णुस्वरूप असतो, दिलेले दान परत नेले तर देणाऱ्याचेच पुण्य जाते, आणि माझ्या आईने आनंदाने दिलेल्या वस्तूचा हिशेब मी मांडू नये. माझे यजमान गप्प राहिले. त्या दिवसापासून जाऊबाईंचा आणि माझा हा वाद चालू आहे. तो मी इथे पुन्हा एकदा स्पष्ट शब्दांत मांडते: जे दान देणाऱ्याला दुसऱ्या कोणाच्या देवघरातले ताट पाहून द्यावे लागते, ते दान नव्हे. दानाला यथाशक्ति हा शब्द जोडलेला असतो तो उगाच नव्हे. त्यातली शक्ती देणाऱ्याची पाहायची, घेणाऱ्याच्या अपेक्षेची नव्हे. आणि ‘आम्ही मागितले नव्हते’ हे वाक्य खरे असूनही मुलीच्या आईला त्याचा कधीही उपयोग होत नाही. तुमच्या व्याह्यांनी निदान उघड निरोप तरी पाठवला आहे. त्याला उघड उत्तर देता येते.

२०१८ मध्ये पुन्हा अधिक ज्येष्ठ आला. मी आईला घेऊन नगर, बीड मार्गे पुरुषोत्तमपुरीला गेले. गोदावरीच्या काठचे हे पुरुषोत्तमाचे देवस्थान अधिक मासातल्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. याच गावी रामचंद्रदेव यादवाचा १३१० सालचा ताम्रपट सापडला होता. मे महिन्यातले मराठवाड्याचे ऊन, दर्शनाची लांबच लांब रांग, आणि आईचा एकभुक्ताचा, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण्याचा, नेम चालू. मी ते चांदीचे ताट पिशवीत घालून नेले होते. तिने पहाटे उठून केलेले धोंडे त्या ताटातून देवाला दाखवावेत आणि नंतर ताट तिने स्वतःजवळ ठेवावे, असा माझा बेत होता. धोंडे तिने त्या ताटातून दाखवले. ताट मात्र माझ्या पिशवीत परत घातले आणि म्हणाली, “मी तेव्हा देवाला दिले होते. तुझ्या सासरच्यांना दिले असते, तर मागून घेतले असते.” जाऊबाईंचेच म्हणणे माझ्या आईने माझ्यासमोर मांडले, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. आईची श्रद्धा खरी होती, एवढ्यावरून तिच्याकडून ते ताट घेणे योग्य ठरत नाही. श्रद्धाळू माणसाकडून घेताना तर घेणाऱ्याने अधिकच जपायला हवे, कारण ते माणूस नाही म्हणत नाही. आई २०२१ मध्ये गेली. ताट माझ्याकडेच आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने साधारण साडेबत्तीस महिन्यांनी असा एक चांद्रमास येतो की ज्यात सूर्याची संक्रांतच होत नाही, म्हणजे सूर्य रास बदलत नाही. तो अधिक, आणि त्याचा स्वामी पुरुषोत्तम. म्हणून या महिन्यात विवाह, मुंज, वास्तुशांत आणि फळाची इच्छा धरून केलेल्या व्रतांचा आरंभ किंवा उद्यापन करत नाहीत. नित्याची पूजा आणि एकादशी चालूच राहतात. या महिन्यातल्या दोन्ही एकादशा कमला एकादशी म्हणून ओळखल्या जातात. उपवासाचा नेम म्हणून महिनाभर एकभुक्त राहतात. कोणी मौन धरून जेवतात, कोणी रोज विष्णूसमोर दिवा लावतात. पुण्यात राहून दर्शनाचा नेम धरायचा असेल, तर नाना फडणविसांनी बांधलेले बेलबागेतले विष्णूचे देऊळ आहे. वटपौर्णिमा निज ज्येष्ठात, २९ जूनला करायची. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, कारण ३१ मेची पौर्णिमा पाहून नव्या मुलींचा गोंधळ होतो. आषाढी एकादशीही त्यामुळे यंदा २५ जुलैला आहे.

तीर्थयात्रेविषयी एक गोष्ट राहिली. ज्या तीर्थाला किंवा देवाला पूर्वी कधी गेलेलो नाही, तिथे पहिल्यांदा जाणे अधिक मासात वर्ज्य सांगितले आहे. माझी आई लहानपणापासून पुरुषोत्तमपुरीला जात असे, म्हणून तिला ती अडचण नव्हती. प्रत्यक्षात हजारो लोक अधिकातच तिथे पहिल्यांदा जातात, आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही. तरीही घरात जुन्या मताची माणसे असतील तर आधी विचारून घ्यावे. तसेच मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर एकभुक्ताचा आग्रह धरू नये. आजाऱ्यांना उपवासातून शास्त्रानेच सूट दिली आहे. आणि तुमची ऐपत असेल, तुम्हा दोघांची मनापासून इच्छा असेल, तर चांदी देऊच नये असे माझे म्हणणे नाही. पण ती इच्छा व्याह्यांचा निरोप येण्यापूर्वी होती का, हे पत्नीला एकांतात विचारा, आणि उत्तर ऐकताना तिच्या हातांकडे पाहा.

व्याह्यांना फोन स्वतः करा, मुलीकडून निरोप पाठवू नका. तिला त्याच घरात राहायचे आहे. “शास्त्रात सांगितल्याप्रमाणे काशाच्या ताटात तेहेतीस अनारसे आणि दिवा घेऊन आम्ही येत आहोत, कोणता दिवस सोयीचा?” एवढेच बोला. काशाचे ताट तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात मिळेल; पितळेचे गळ्यात मारत नाहीत ना, ते पाहून घ्या. अनारशांचे पीठ घरी करणार असाल तर भिजवण्यापासून मुरेपर्यंत बारा दिवस धरा, आणि तांदूळ जुनाच घ्या, नव्या तांदळाचे अनारसे तुपात विरघळतात.