प्लास्टिकवरचं सर्किट वाकवल्यावर प्लास्टिक शाबूत राहतं, मग सर्किट का बंद पडतं?

तुम्ही लिहिलंय की पीईटी प्लास्टिकच्या १२५ मायक्रॉन (०.१२५ मिलिमीटर) शीटवर आयटीओचा, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक ऑक्साइडचा, थर असलेला मनगटी पट्टा बनवला आणि काही दिवसांत तो बंद पडला, शीटला मात्र कुठे चीर नाही. सोलापुरात एम.एस्सी. करताना माझा प्रोजेक्ट याच शीटवर होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडे चादरीच्या दुकानात चार चादरी एकावर एक ठेवून एकदम दुमडल्या की कडा जुळत नाहीत. बाहेरच्या चादरीला वळसा मोठा पडतो, म्हणून तिचं टोक मागे राहतं. त्याच चादरी गोधडीसारखे टाके घालून एकत्र शिवल्या तर सरकायला वावच उरत नाही. बाहेरची ताणली जाते, आतली चुरगळते. प्लास्टिकची शीट ही अशी शिवलेली आहे. वाकली की बाहेरची बाजू लांबते, आतली आखडते आणि मधल्या एका पातळीची लांबी बदलतच नाही. तिला न्यूट्रल ॲक्सिस म्हणतात.

बाहेरची बाजू किती ताणली जाते याचा हिशोब सोपा आहे: शीटची जाडी भागिले वळणाचा व्यास. तुमची शीट ८ मिलिमीटर जाडीच्या पेनाभोवती गुंडाळली तर ०.१२५ भागिले ८, म्हणजे वरचा थर सुमारे १.५ टक्के ताणला जातो. पीईटीला त्याचं काही वाटत नाही. पण आयटीओ म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड, जातीनेच सिरॅमिक. कडक भाकरीसारखं, लवणं माहीत नाही. एक-दोन टक्क्यांच्या आसपास त्याला चिरा जातात. हीच शीट २५ मायक्रॉनची असती तर त्याच पेनावर ताण ०.३ टक्क्यांवर आला असता.

मी हेच वेगवेगळ्या जाडीच्या नळ्यांवर शीट गुंडाळून मल्टिमीटरने मोजत होतो आणि पहिला महिना वाया गेला. गुंडाळायचो, सोडायचो, सरळ करून रोध मोजायचो. सगळं ठीक दिसायचं. सरळ केल्यावर चिरांचे काठ पुन्हा एकमेकांना टेकतात आणि वीज वाहू लागते, हे फार उशिरा कळलं. म्हणून मोजायचं ते वाकलेल्या अवस्थेतच. शिवाय चिरा ताणाच्या दिशेला आडव्या जातात, त्यामुळे ताणाच्या दिशेने रोध भरपूर वाढतो आणि नळीच्या लांबीच्या दिशेने फारसा नाही. कोणत्या दिशेने मोजलं ते वहीत लिहून ठेवा. शीट कात्रीने कापतानाही कडेला चिरा पडतात, तो भाग मोजमापात धरू नका.

थर आतल्या बाजूला ठेवून वाकवला तर तो दाबला जातो आणि बराच जास्त टिकतो. फार दाबला तर मात्र प्लास्टिकपासून सुटून फुगतो.

खरा उपाय म्हणजे थर न्यूट्रल ॲक्सिसवर आणणं. वरून त्याच प्लास्टिकचा, तेवढ्याच जाडीचा थर चिकटवला की आयटीओ बरोबर मध्ये येतो आणि ताण जवळजवळ शून्य होतो. वरचं प्लास्टिक मऊ असेल तर ते जाड हवं: ताठरपणा गुणिले जाडीचा वर्ग दोन्ही बाजूंना सारखा यावा लागतो. चौपट मऊ असेल तर जाडी दुप्पट. मला या विषयातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं, पदार्थ तोच ठेवून नुसती जागा बदलायची. घडीच्या फोनमध्ये थरांच्या मधे मऊ गोंद असतो, तो त्यांना एकमेकांवर थोडं सरकू देतो. म्हणजे न शिवलेल्या चादरी.

आता तुमचा पट्टा. मनगटाच्या वळणाचा व्यास साधारण ६ सेंटीमीटर धरला तर ताण ०.२ टक्केच येतो. तेवढ्याने आयटीओ मोडणार नाही. माझा संशय चिपच्या किंवा कनेक्टरच्या कडेवर आहे. ताठ भाग वाकत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याचं सगळं वळण शेजारच्या एक-दोन मिलिमीटरवर येतं आणि तिथला व्यास पेनापेक्षाही लहान होतो. पट्टा मनगटावर असल्यासारखा वाकवून धरा आणि आधी त्या कडेच्या दोन्ही बाजूंना मल्टिमीटर लावा. चीर तिथेच निघाली तर नवीन शीटवर चिपच्या कडेला सिलिकॉनचा उतरता लेप द्या, म्हणजे ताठरपणा एकदम न संपता हळूहळू कमी होईल.