यज्दमध्ये खाली दुकानं, मधे ऑफिसं आणि वर घरं अशी इमारत इराणी परंपरेवरून कशी रचावी?

तुम्ही लिहिलंय की थिसिससाठी इराणच्या वाळवंटी भागातल्या यज्द शहरातली जागा घेतली आहे, एलिव्हेशनवर, म्हणजे दर्शनी बाजूच्या ड्रॉइंगवर, कमानी आणि निळ्या टाइल्स दाखवल्या, आणि गाइड म्हणतात की सगळं वरवरचं वाटतं. मी आर्किटेक्ट आहे, अधूनमधून ज्युरीलाही बसतो. गाइडचं बरोबर आहे.

जुन्या यज्दमध्ये गल्लीतून चालताना दिसतं काय? माती-भुशाच्या गिलाव्याच्या उंच भिंती आणि मधे एखादं दार. घराची सगळी श्रीमंती आतल्या अंगणाकडे तोंड करून असते. म्हणून आधी मोकळी जागा ठरवा, बांधकाम तिच्याभोवती येऊ द्या. तेहरानमध्ये आज हे अवघड झालंय, कारण तिथे भूखंडाच्या उत्तरेकडच्या साधारण ६० टक्क्यांवरच इमारत उभी करायचा नियम आहे. त्यात मधलं अंगण गेलं आणि समोरचं उरलं. तुमच्या जागेला कोणता नियम लागू आहे ते आधी काढा, कागदावरची निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

‘मिक्स्ड-यूज’ हे काही आपण शोधलेलं नाही. इराणचा सफवी बादशहा शाह अब्बास याच्या काळात करमान शहराच्या सुभेदाराने, गंज अली खानने, एका चौकाभोवती बाजार, सराई, हमाम, मशीद, पाण्याची टाकी आणि टांकसाळ अशी वसाहतच उभी केली. तिचा प्लॅन समोर ठेवून एकच गोष्ट बघा: रस्त्यावरचा माणूस कुठपर्यंत येतो आणि कुठे अडतो. ते काम उंबरठे आणि वळणं करतात, पाट्या नव्हे. घरांमध्ये हेच काम हश्ती करते. दारातून आत आलं की बहुधा अष्टकोनी असलेली छोटी खोली, तिथून वळण घेत बोळ, मग अंगण. आपल्या वाड्याची देवडी आठवा. काही हश्त्यांमधून दोन-तीन घरांची दारं फुटतात, आणि तुम्हाला नेमकं हेच हवंय. सध्याच्या ड्रॉइंगमध्ये ऑफिसचं गिऱ्हाईक आणि वरच्या घरातली आजी एकाच लिफ्टसमोर उभी आहेत. एक हश्ती, तिच्यातून दोन वाटा, दोन लिफ्ट, आणि घरांची वाट एकदा तरी वळलेली. एवढ्याने प्लॅन निम्मा सुधारेल.

आता ऊन. पारंपरिक घरात अंगणाच्या उत्तरेकडचा भाग दक्षिणेचं ऊन घेतो, म्हणून हिवाळ्यात राहायचं तिथे. समोरचा दक्षिणेकडचा भाग सावलीतला, उन्हाळ्याचा. घरातलं माणूस ऋतूप्रमाणे बिऱ्हाड हलवायचं. फ्लॅटमध्ये ते जमणार नाही, पण वापर वाटून देता येतात: अंगणाच्या उत्तरेच्या पाखीत, म्हणजे त्या बाजूच्या बांधकामात, घरं, दक्षिणेच्या पाखीत ऑफिसं. ऑफिसांना उत्तरेचा प्रकाश डोळ्यावर न येणारा मिळतो. उंचीचा हिशोब मात्र करा. यज्द सुमारे ३२ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य जेमतेम ३५ अंशांवर असतो. दक्षिणेची पाख १४ मीटर उंच आणि अंगण १० मीटर रुंद धरलं, तर सावली समोरच्या भिंतीवर ७ मीटरपर्यंत चढते. म्हणजे खालचं दुकान आणि वरचा एक मजला सावलीत. घरं तिसऱ्या थरापासून सुरू केली की सगळ्यांना ऊन. हा सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, ज्युरीला दाखवा, कमानींबद्दल कोणी विचारणारसुद्धा नाही.

बादगीर, म्हणजे वारा पकडणारा मनोरा, हवाच असेल तर शोभेचा नको. यज्दच्या दौलताबाद बागेतला बादगीर ३३ मीटरच्या आसपास आहे; तो वरचा वारा खाली आणून पाण्यावरून फिरवतो, आणि वारा पडला की तापलेल्या बाजूने गरम हवा वर ओढतो. पाच मजल्यांतून असा शाफ्ट नेलात तर आग लागल्यावर तोच धुराचा रस्ता होईल. त्यामुळे तो फक्त दुकानांच्या मधल्या चौकापुरता ठेवा, घरांपासून वेगळा, आणि आग लागली तर बंद होणाऱ्या झडपा दाखवा. धुळीसाठी जाळी आणि ती साफ करायला जागाही हवी. हे कोणी काढत नाही.

नक्षीबद्दल फार सांगत नाही. तेहरानचा जहाद मेट्रो चौक बघा, त्याला वास्तुकलेचा २०२५ चा आगा खान पुरस्कार मिळालाय. तिथे हाताने केलेली वीट आहे, आणि ती रोजच्या वर्दळीच्या जागी वापरली आहे. तुम्हीही वीट घ्या, पण सांगाडा आरसीसी किंवा स्टीलचा ठेवा. २००३ च्या भूकंपात इराणमधलं मातीच्या इमारतींचं बाम शहर कसं कोसळलं हे प्रत्येक परीक्षक जाणतो, आणि इराणचं भूकंपाचं मानक, क्रमांक २८००, वाचलंय का हा प्रश्न तुम्हाला येणारच.