राजीनाम्याच्या कागदावर सही करू काय?

प्रश्न: नमस्कार ताई, मी दर्यापूर तालुक्यातला. गावाजवळच्या सूतगिरणीत रिंगफ्रेमवर ११ वर्षं ८ महिने झाले, बेसिक अन् महागाई भत्ता धरून पगार १३ हजार. आम्ही ६० जण परमनंट आहो. आता मालक सगळ्या मशिना नांदगाव पेठच्या एमआयडीसीत नेऊन राहिला, दोन फ्रेम तर ट्रकवर चढल्या बी. तिकडं म्हणे अर्धेच लोक लागतील. साहेबानं छापील कागद पुढं केला, सही करा अन् २५ हजार घेऊन जा, नाहीतर तेही भेटणार नाही. कागदावर "घरगुती कारणामुळे स्वखुशीने राजीनामा" असं लिहेल आहे. घरी तर काहीच कारण नाही जी! सही करू काय?

उत्तर: नका करू भाऊ. त्या "स्वखुशीने"चा भाव लय जास्त आहे, हिशोबच करून दाखवते.

राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी तेवढी मिळते, कामावरून कमी केल्याची भरपाई जाते. तुम्हाला मालकानं कमी केलं किंवा गिरणी बंद केली, तर एका महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, म्हणजे १३ हजार. वर दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, तुमचे ८ महिने सहाच्या वर आहेत म्हणून १२ वर्षं धरायची, झाले ७८ हजार. ग्रॅच्युइटी वेगळी, तिथं महिना २६ दिवसांचा धरतात म्हणून ७,५०० गुणिले १२, ९० हजार. एकूण १ लाख ८१ हजार, आणि साहेब २५ हजार असे देऊन राहिले जसे काही स्वतःच्या खिशातून काढले! पीएफ तर तुमचाच आहे, तो यात धरलाच नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, पण हा १५ दिवसांचा हिशोब जुन्या १९४७ च्या कायद्यातलाच पुढं आला आहे. ५० किंवा त्याहून जास्त कामगार असले तर बंद करायच्या ६० दिवस आधी मालकानं सरकारला नोटीस द्यावी लागते, ती दिली का ते आधी विचारा. तोटा झाला, माल पडून राहिला म्हणून भरपाई कमी देतो म्हणतील, पण नुसत्या पैशाच्या अडचणीवर तसं करता येत नाही.

आता अडचणीची गोष्ट. तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून बघा, "कोणत्याही युनिटला बदली" असं लिहिलं असेल अन् बदलीचा लेखी आदेश आला तर नुसतं घरी बसू नका, गैरहजेरी लावून तुम्हालाच दोषी ठरवतील. अडचण लेखी कळवा. अन् नवीन ठिकाणी जात असाल तर नवं लेटर घेताना जुनी सर्व्हिस धरली का ते वाचा, नाहीतर ११ वर्षं शून्यावर येतात. अर्धेच न्यायचे असतील तर साधारण नियम असा की शेवटी लागला तो आधी जातो, तुमच्या खात्याची सिनियॉरिटी लिस्ट मागा.

कोणी सही करून बसला असेल तर दबावानं घेतली असं लगेच लेखी कळवावं, जितका उशीर तितकं अवघड.

त्या छापील कागदाचा, ट्रकवरच्या मशिनांचा फोटो काढून ठेवा, पगाराच्या स्लिपा जमा करा, अन् सगळे मिळून अमरावतीच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. मालकालाही एक कॉपी द्या, ऑफिसवाले पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.